नाव झाकल्यावर

मोठ्या माणसाच्या मृत्यूनंतरचे दोन-तीन दिवस त्याच्या नावाचे असतात. पहिल्या पानावर नाव, पुरस्कारांच्या यादीआधी नाव, शोकसभेच्या फलकावर नाव; आणि त्या नावाभोवती ‘एका युगाचा अस्त’, ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ अशी वाक्ये, जी मागच्या महिन्यात दुसऱ्या कुणासाठी लिहिली गेलेली असतात. ती लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. बातमी उशिरा येते, पान लवकर सोडायचे असते आणि अशा वेळी हाताशी असलेले शब्दच कामाला येतात. मला काळजी वाटते ती त्यानंतरच्या दिवसांची. नावाची गर्दी ओसरते आणि त्या माणसाने आपल्याला नेमके काय दिले होते, हे सांगायचे राहून जाते. पुढे कधी विचारले, तर आपल्या तोंडी पुन्हा नावच येते.

गेल्या काही वर्षांत अशी काही माणसे गेली की, ज्यांना मी कधी भेटले नाही, ज्यांच्याशी माझा कधी पत्रव्यवहार झाला नाही, आणि तरीही ती नसती तर माझे रोजचे काम मी आज करते तसे केले नसते. अनिल अवचट जानेवारी २०२२ मध्ये गेले. मंगला नारळीकर जुलै २०२३ मध्ये गेल्या. प्रभा अत्रे जानेवारी २०२४ मध्ये, झाकीर हुसेन त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी. मी संपादनाचे काम करते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले वाचते, तपासते आणि छापण्याजोगे करते. खगोलशास्त्राशी, ख्यालगायनाशी किंवा तबल्याशी या कामाचा वरवर काहीच संबंध दिसत नाही. तो आहे, आणि कुठे आहे ते मला लिहून ठेवायचे आहे.

सुरुवात नारळीकरांपासून करणे भाग आहे, कारण माझ्यावरचे त्यांचे ऋण सर्वांत जुने आहे.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा नुकतेच केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते, आणि त्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलेले होते. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताने जगभरच्या वर्तमानपत्रांचे लक्ष वेधले होते. १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले होते. अशा माणसाची कथा स्पर्धेत आली असती, तर परीक्षकांना ती कथा म्हणून वाचणे अवघडच गेले असते. नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला, ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले आणि ‘कृष्णविवर’ ही कथा त्या नावाने पाठवली. तिला पहिले पारितोषिक मिळाले.

हा किस्सा मराठी वाचकांना नवा नाही आणि बहुतेक वेळा तो गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात गंमत कमी आणि शिस्त जास्त दिसते. ज्या माणसाचे नाव त्याच्या लेखनापेक्षा आधी पोचते, त्याला एक गोष्ट कधीच कळू शकत नाही, ती म्हणजे आपले लेखन स्वतःच्या पायांवर उभे आहे की नाही. हे कळून घ्यायचे असेल तर नाव बाजूला काढावे लागते. आणि ते काढताना पारितोषिक न मिळण्याची, परिच्छेद दोन परिच्छेद वाचून बाजूला टाकले जाण्याची शक्यता मनापासून स्वीकारावी लागते. नारळीकरांनी ती स्वीकारली. त्यांना कौतुक नको होते असे मला वाटत नाही. आपल्या कौतुकात नावाचा वाटा किती आणि कथेचा किती, हे त्यांना वेगळे करून पाहायचे होते.

पुढे चौतीस वर्षांनी, २००८ मध्ये, त्यांनी हीच शिस्त दुसऱ्या एका क्षेत्राला लावली. फलज्योतिषाची चाचणी हा विषय आपल्याकडे लगेच वादाचा होतो आणि वादात दोन्ही बाजू आपापल्या आठवणी सांगू लागतात. नारळीकरांनी, नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर, वादाला बसण्याऐवजी प्रयोग आखला. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे घेऊन दोनशे कुंडल्या तयार करण्यात आल्या. त्या एकमेकींत मिसळल्या आणि चाचणीत भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस कुंडल्या पाठवल्या. या मुलांपैकी कोणते कोणत्या गटातले, एवढेच त्याने ओळखायचे होते. एकावन्न ज्योतिषांनी सुरुवातीला तयारी दाखवली, त्यांपैकी सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली, आणि त्यांच्या अचूक उत्तरांची सरासरी शेकडा ४६ भरली. नाणे उडवून उत्तरे लिहिली असती तर ती ५० च्या आसपास आली असती. एका ज्योतिषसंस्थेने सर्वच्या सर्व दोनशे कुंडल्या तपासल्या आणि तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यांच्यावर बोलणे पुष्कळ झाले. मला त्याच्या आखणीविषयी अधिक बोलावेसे वाटते. जो दावा केला जातो तोच तपासला गेला, दुसरा सोपा दावा उभा करून तो पाडला गेला नाही. कुंडलीवरून माणसाची बुद्धी कळते असे शास्त्र सांगते, तर मग बुद्धीत अगदी ठळक फरक असलेले दोन गट घ्यावेत, म्हणजे ज्योतिषाला संधी जास्तीत जास्त मिळेल. ज्याच्या मताशी आपण सहमत नाही त्यालाही सिद्ध करण्याची पुरेशी जागा द्यायची, हे औदार्य त्या आखणीत आहे. आणि कुंडलीवरचे मुलाचे नाव झाकणे व कथेवरचे स्वतःचे नाव झाकणे या दोन कृती एकाच माणसाने कराव्यात, यात मला त्यांचा सगळा स्वभाव दिसतो. त्यांनी इतरांना ज्या कसोटीवर उभे केले, तिच्यावर ते स्वतः चौतीस वर्षे आधी उभे राहिलेले होते.

माझ्या कामात हे असे आले. आमच्या दिवाळी अंकाकडे येणाऱ्या कथा मी पहिल्या वाचनात नाव झाकून वाचते. एक सहकारी पहिले पान काढून ठेवतो, शेवटच्या पानावरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक झाकतो, डावीकडे वर पेन्सिलीने क्रमांक घालतो आणि गठ्ठा माझ्याकडे देतो. याने काम वाढते आणि वेळ जातो. पण अशा वाचनात काय होते ते सांगण्यासारखे आहे. एखादी कथा वाचताना चौथ्या पानाशी थांबावेसे वाटते, कारण इथपर्यंत एक कथा होती आणि इथून पुढे दुसरीच कथा तिला जोडली आहे, असे स्पष्ट दिसते. मी तसे टिपण करते. नंतर नाव उघडल्यावर कळते की, हे लेखक गेली कित्येक वर्षे आमच्या अंकात आहेत, आणि नाव दिसत असते तर मी त्या जोडाला त्यांची शैली म्हटले असते. उलटही होते. ज्याचे अक्षर जेमतेम लागते, ज्याच्या शुद्धलेखनात पानोपानी चुका आहेत, अशा माणसाच्या कथेत एक संवाद असा असतो की, तो आपल्याकडे कुणीच लिहिला नसता. नाव उघडल्यावरही ते नाव अनोळखीच असते. ती कथा छापली जाते. माझ्या हातून एवढे जरी झाले असेल, तरी त्याचे श्रेय १९७४ मधल्या त्या उलट्या आद्याक्षरांना आहे.

प्रभाव म्हणजे सहमती, असे आपण धरून चालतो. नारळीकरांच्या बाबतीत हे समीकरण मला कधी पटले नाही. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला, हे मत बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. १९६५ मध्ये विश्वात सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध लागल्यावर त्या मताला भक्कम आधार मिळाला आणि विश्वाला आरंभच नाही असे सांगणारा हॉईल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धान्त मागे पडला. नारळीकर त्यानंतरही पर्यायी मांडणी शोधत राहिले. हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी तिचे सुधारलेले रूप प्रसिद्ध केले आणि अखेरपर्यंत ते अल्पमतात राहिले. या प्रश्नात कोण बरोबर हे ठरवण्याची माझी पात्रता नाही, आणि जे वाचले आहे त्यावरून माझा कल बहुमताकडेच आहे. परंतु पुण्यात १९८८ मध्ये ‘आयुका’ या ज्या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्थेची उभारणी त्यांनी केली आणि २००३ पर्यंत जिचे संचालकपद सांभाळले, त्या संस्थेकडे पाहिले की, अल्पमतात कसे राहावे हे कळते. थाणू पद्मनाभन यांच्यासारखे विश्वरचनाशास्त्रज्ञ तिथे होते, आणि ते महास्फोटाच्याच चौकटीत काम करत होते. गुरुत्वीय लहरींचे अतिशय क्षीण संकेत गोंधळातून वेगळे कसे काढावेत, याच्या गणितावर संजीव धुरंधर तिथेच वर्षानुवर्षे काम करत राहिले, आणि २०१६ मध्ये त्या लहरी सापडल्याचे जाहीर झाले तेव्हा त्या कामाचे मोल जगाला कळले. संचालकाच्या मताशी न जुळणारे संशोधन संचालकाच्याच संस्थेत वाढावे, ही गोष्ट आपल्या संस्थांच्या इतिहासात किती विरळा आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

आणि मग ती पोस्टकार्डे. शाळांमधल्या व्याख्यानांनंतर मुले सहीसाठी गर्दी करत, तेव्हा नारळीकर त्यांना सांगत की, सही अशी नको. तुला पडलेला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. यातही नावाचाच विचार आहे. नुसती सही म्हणजे नुसते नाव, आणि त्याच्या आधी मुलाने काही तरी विचारलेले असावे, अशी त्यांची अट होती. त्यांच्या लहानपणी बनारसच्या घरी त्यांचे मामा, गणितज्ञ मोरेश्वर हुजूरबाजार, फळ्यावर त्यांच्यासाठी एखादे कठीण उदाहरण ‘जे. व्ही. एन. साठी आव्हान’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली लिहून ठेवत, आणि ते सुटेपर्यंत फळा पुसला जात नसे, असे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. पोस्टकार्डाची कल्पना त्या फळ्यावरून आली असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की, ज्या मुलाला मोठ्यांनी प्रश्नांच्या वाटेने जवळ केले, तो मोठा झाल्यावर मुलांना त्याच वाटेने जवळ करत राहिला.

मंगलाताईंविषयी लिहिताना ‘नारळीकरांच्या पत्नी’ असे लिहून पुढे जाण्याची रीत आहे आणि त्या गेल्या तेव्हाही कित्येक बातम्यांचे मथळे तसेच होते. नाव झाकण्याचा विषय निघालाच आहे तर हे आडनावही क्षणभर झाकावे. मग दिसते ती मुंबई विद्यापीठाची गणिताची सुवर्णपदकविजेती विद्यार्थिनी, जिने संसार आणि मुली सांभाळून १९८१ मध्ये संख्याशास्त्रात नव्हे, संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्या संख्या-सिद्धान्तात डॉक्टरेट मिळवली आणि त्यानंतर आपली बुद्धी शाळकरी मुलांना गणिताची भीती वाटू नये यासाठी वेचली.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्यावाचनाची एक जादा पद्धत आली, तेव्हा त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मराठीत आपण २७ लिहिताना आधी दोन लिहितो आणि बोलताना मात्र सात आधी म्हणतो. ‘सत्तावीस’ ऐकणारे मूल पहिल्यांदा सात ऐकते, पेन्सिल टेकवून सात लिहिते, आणि मग दोन कुठे लिहायचा या विचारात पडते. कधी २७ होतात, कधी ७२. यासाठी ‘वीस सात’ अशी फोड त्या पुस्तकात दिली होती. जुनी पद्धत तशीच होती; तिच्या शेजारी ही ठेवली होती. एवढ्यावर गदारोळ झाला. विधिमंडळात हा विषय निघाला, भाषेवर घाला घातल्याचे आरोप झाले, आणि थट्टा तर इतकी झाली की, मूळ पान किती जणांनी उघडून पाहिले असेल अशी शंका यावी. मंगलाताई त्या सगळ्यात एकच गोष्ट पुनःपुन्हा, आवाज न चढवता सांगत राहिल्या. मूल कुठे अडते ते पाहा, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या पद्धतीविषयी माझे मत अजून पक्के झालेले नाही. ‘सत्तावीस’ आणि ‘एकोणचाळीस’ यांत पिढ्यांचा उच्चार साठलेला आहे आणि तो मला प्रिय आहे. पण लेख तपासताना वाचक कुठे अडेल हे बोट ठेवून पाहण्याची सवय मला त्या वादानंतर लागली. लेखकाला वाक्य डौलदार वाटते, मलाही वाटते, आणि तरीही वाचणारा मधेच मागे जाऊन पुन्हा सुरुवात करतो. तो मागे का गेला, हे त्याच्या बाजूला उभे राहून पाहावे लागते. मंगलाताई दुसरीतल्या मुलाच्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि त्यासाठी स्वतःच्या विद्वत्तेला कमीपणा येतो असे त्यांना कधी वाटले नाही.

प्रभाताईंची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांच्याकडून मी जे घेतले ते त्यांच्या गाण्यापेक्षा त्यांच्या बोलण्यातून अधिक घेतले. गाणे तर होतेच. त्यांचा मारुबिहाग आणि कलावती ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना त्याबद्दल मी काही सांगावे अशी गरज नाही. कलावतीत रिषभ आणि मध्यम नाहीत, म्हणजे पाचच स्वरांवर सारी उभारणी करायची असते. आणि त्या पाचांतही त्या सरगम अशा घेत की, स्वरांची नावे उच्चारली जात आहेत हे विसरून फक्त चाल ऐकू येत राही. किराणा घराण्यात सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे त्या शिकल्या. घराण्याचा आदर त्यांनी जन्मभर केला, आणि तरीही सरगमचा वापर त्यांनी त्या घराण्याच्या परिचित वळणाहून पुष्कळ वेगळा केला. अमीर खाँ आणि बडे गुलाम अली खाँ यांचे संस्कार आपल्यावर आहेत, हेही त्या मोकळेपणाने सांगत.

यावर टीका झाली. सरगम म्हणजे शिकवताना वापरायची गोष्ट, मैफलीत ती कसरत वाटते, असे म्हणणारे जाणकार होते. प्रभाताईंनी त्याला उत्तर दिले ते असे की, त्यांनी सरगम हाच विषय घेऊन प्रबंध लिहिला. विज्ञान आणि कायदा या दोन्हींच्या पदव्या त्यांच्याकडे होत्या, आणि आपल्या गाण्याविषयी बोलताना त्यांच्यातली ही शिक्षित, तर्काने विचार करणारी बाई पूर्ण जागी असे. ‘गुरूंनी सांगितले म्हणून’ हे उत्तर त्यांना पुरेसे वाटत नसे. आपण हे असे का गातो, याचे कारण गाणाऱ्याला सांगता आले पाहिजे, निदान त्याने ते शोधले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कलेत असे प्रश्न विचारू नयेत, त्याने कला सुकते, असे मानणारा मोठा वर्ग आपल्याकडे आहे. प्रभाताईंचे गाणे सुकले नाही, याहून मोठा पुरावा मला नको आहे.

संपादकाच्या कामात ‘हे मला बरे वाटत नाही’ हे वाक्य फार सोपे असते आणि अधिकार हातात असल्यामुळे ते चालूनही जाते. मी ते बंद केले. लेखकाला लेख परत पाठवताना मी कारण लिहिते. कधी ते कारण लिहायला बसले की, लक्षात येते की कारण नाहीच, नुसती माझी आवड आहे. तेव्हा मी ते वाक्य जसेच्या तसे राहू देते. १३ जानेवारी २०२४ रोजी पहाटे पुण्यात प्रभाताई गेल्या तेव्हा त्या ९१ वर्षांच्या होत्या, आणि त्याच दिवशी मुंबईत त्यांचे गाणे ठरलेले होते. त्या वयात मैफल ठरलेली असणे याचा अर्थ आदल्या दिवशीपर्यंत रियाझ चालू असणार, म्हणजेच स्वतःला प्रश्न विचारणेही चालू असणार.

झाकीरभाईंविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्याविषयी जगभर इतके लिहिले गेले आहे की, त्यात भर घालण्याजोगे माझ्याकडे फार नाही. त्यांच्या एकल वादनाने सभागृहे डोक्यावर घेतली हे खरे. मला मात्र ते साथीला बसलेले अधिक आवडत. समोर सतार किंवा संतूर आलाप संपवून गतीला आली की, ते साधा ठेका इतक्या हळुवारपणे धरत, आणि वादकाकडे असे टक लावून पाहत की, जगातला सर्वांत प्रसिद्ध तबलावादक इथे बसला आहे हे प्रेक्षक काही काळ विसरत. बोलावले जाईपर्यंत ते पुढे येत नसत, आणि बोलावल्यावर मात्र काहीही हातचे राखून ठेवत नसत. दुसऱ्याच्या मजकुरावर काम करणाऱ्याला याहून वेगळा धडा लागत नाही.

अवचटांकडे मी शेवटी आले, पण काळाच्या क्रमाने ते या यादीत पहिले गेले, आणि लिहिण्याच्या बाबतीत माझी सर्वांत जास्त दुरुस्ती त्यांनी केली. ते शिकले डॉक्टरकी, आणि जन्मभर माणसे पाहत हिंडले. हमाल, विडी कामगार, भटक्या जमाती, दुष्काळातली गावे, प्रदूषणाने नासलेल्या नद्या. त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे. तिथे जायचे, बसायचे, विचारायचे, आणि जे दिसले व ऐकले ते साध्या छोट्या वाक्यांत लिहायचे. विशेषणे नाहीत. मी रागावलो आहे, मला रडू आले, असे सांगण्याची घाई नाही. विडी कामगार बाईला दिवसभरात किती विड्या वळाव्या लागतात, त्यांतल्या किती खराब म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्या बाजूला काढलेल्यांचे पुढे काय होते, हे क्रमाने लिहिले की राग वाचणाऱ्याला आपोआप येतो.

या पद्धतीवर आक्षेप घेतला जात असे, आणि तो मला अगदीच फेटाळता येत नाही. प्रश्नांची मुळे व्यवस्थेत असतात, आकडेवारी आणि धोरणे तपासल्याशिवाय नुसते पाहून काय कळणार, असे कार्यकर्ते व अभ्यासक म्हणत. पण अवचट आणि त्यांच्या पत्नी सुनंदाताई यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा त्याची सुरुवात पाहण्यातूनच झाली होती. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनात सापडलेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना ते भेटत गेले, त्यावर लिहीत गेले. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र उभे राहिले. सुनंदाताई तिथे मानसोपचारतज्ज्ञ होत्या. केंद्राचे रोजचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि १९९७ मध्ये त्या गेल्यावरही ते थांबले नाही. लेखनाने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांपुढे मी ‘मुक्तांगण’ ठेवते. तिथून बाहेर पडून पुन्हा कामावर जाऊ लागलेल्या माणसांनी अवचटांचे एकही पान वाचलेले नसेल, हे शक्य आहे. त्याने काहीच बिघडत नाही.

त्यांच्यामुळे मला लागलेली सवय ही की, लेखात ‘भीषण’, ‘हृदयद्रावक’, ‘अवर्णनीय’ असा शब्द आला की मी लेखकाला फोन करते आणि विचारते, तुम्ही तिथे काय पाहिलेत ते मला सांगा. तो सांगू लागतो. भांडे कुठे ठेवले होते, बाई कोणत्या बाजूला बसली होती, तिने उत्तर देण्याआधी मुलाकडे पाहिले की नाही. मी ते लिहून घेते, त्याला परत वाचून दाखवते, आणि बहुतेक वेळा तो स्वतःच म्हणतो की, मग तो शब्द काढून टाकू या.

या पाचही जणांना मृत्यूनंतर सन्मान मिळाले, सभा झाल्या, विशेषांक निघाले. ते व्हायलाच हवे होते. या सगळ्यात एक काम मात्र राहिले आहे आणि ते सभेत होण्यासारखे नाही. नारळीकरांची उत्तरे लिहिलेली पोस्टकार्डे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत असतील. ज्यांनी ती दहाव्या-बाराव्या वर्षी जपून ठेवली ते आज चाळिशी-पन्नाशीत असतील, आणि घर बदलताना जुने कागद टाकून द्यायचे हेच वय असते. मूळ प्रश्न नारळीकरांकडे गेला आणि उत्तर मुलाकडे आले, त्यामुळे दोन्ही एकत्र कुठेच नाहीत. उत्तर वाचून प्रश्न काय असेल याचा काही अंदाज बांधता येतो, पण मुलाने तो कोणत्या शब्दांत विचारला होता हे फक्त त्यालाच आठवू शकते. तुमच्याकडे असे कार्ड असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवा, टपालाच्या शिक्क्यावरची तारीख वाचता येत असेल तर टिपून ठेवा, आणि त्याच कागदावर आपण काय विचारले होते तेही, जसे आठवेल तसे, लिहून ठेवा. स्वतःचे नाव घातले नाही तरी चालेल.